फायर स्टिक, जुनं होम थिएटर आणि ‘सीईसी लावा, विषय संपला’

तिसरा_मजला

मागच्या आठवड्यात एकाने इथे विचारलं होतं की फायर स्टिक (ॲमेझॉनची, टीव्हीला लावून नेटवरचे सिनेमे दाखवणारी कांडी) आणि होम थिएटर मिळून एकच युनिव्हर्सल रिमोट घ्यायचाय, कोणता घेऊ? त्यावर ‘वायरमन’ यांचं उत्तर: “युनिव्हर्सल रिमोट म्हणजे पैसे पाण्यात. टीव्हीत सीईसी लावा, विषय संपला. ज्यांना जमत नाही त्यांनी सेटिंग उघडूनच बघितलेलं नसतं.” विचारणारा बिचारा गप्प बसला. मला गप्प बसवत नाही, आणि प्रतिसाद लांबला म्हणून वेगळा धागा.

सीईसी म्हणजे टीव्ही आणि त्याला जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना चालू-बंदचे, आवाजाचे हुकूम द्यायची सोय. ती जाते एचडीएमआयच्या तारेतून. ज्याचं होम थिएटर एआरसीवर आहे, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय तारेतून थिएटरकडे जातो, त्याने सीईसी जरूर लावावं. पण एआरसी आलंच मुळी २००९ मध्ये, एचडीएमआय १.४ बरोबर. त्याआधीचे, आणि नंतरचेही कितीतरी स्वस्तातले ५.१ सेट ऑप्टिकलने (प्रकाशातून आवाज नेणाऱ्या तारेने) नाहीतर लाल-पांढऱ्या पिनांनी जोडलेले आहेत. ऑप्टिकलमधून आवाज जातो, हुकूम जात नाही. तिथे सेटिंग कितीही वेळा उघडा. शिवाय सीईसी पाळायची सक्ती कुठल्याच कंपनीवर नाही. सॅमसंगचं एनीनेट प्लस, एलजीचं सिमप्लिंक, सोनीचं ब्राव्हिया सिंक, सगळं मूळ एकच, पण त्यातलं किती घ्यायचं हे ज्याने त्याने आपापलं ठरवलंय.

रिमोट निवडताना आधी बघायचं ते हे, की आपलं कोणतं उपकरण कशाने ऐकतं. टीव्ही आणि होम थिएटर इन्फ्रारेडवर, म्हणजे समोरून नेम धरायचा. फायर स्टिक टीव्हीच्या मागे लोंबकळत असते आणि तिच्यात इन्फ्रारेड ऐकणारा भागच नाही, ती ब्लूटूथवर चालते. म्हणून ‘सगळ्याला चालतो’ म्हणून दुकानदाराने दिलेला दोन-तीनशेचा रिमोट स्टिकपुढे निकामी. तिच्यासाठी एकतर इन्फ्रारेड आणि ब्लूटूथ दोन्ही असलेला रिमोट घ्यायचा, सोफाबॅटन यू२ सारखा, नाहीतर स्टिकला ओटीजी केबलने फ्लर्कचा छोटा रिसीव्हर जोडायचा, मग ती साध्या रिमोटचंही ऐकते.

आता घरातलं सांगते. दिवसभर आई एकटी असते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आणि टीपॉयवर तीन काळे रिमोट. पॉवरच्या बटणांवर मी लाल नेलपेंटचे ठिपके दिलेत. तरी दुपारी ऑफिसात फोन येतो, “अगं, माणसं बोलतायत पण ऐकू येत नाही.” म्हणजे टीव्ही लागला, थिएटर लागलं नाही. घरात जो माणूस टीव्हीसमोर एकटा असतो त्याच्या हाताला जमेल तोच रिमोट बरोबर. बाकी सगळी तांत्रिक चर्चा त्यानंतर.

वायरमन

माझं नाव घेऊन धागा काढलाय तर उत्तर देतो. मी लोकांच्या घरी टीव्ही आणि थिएटर बसवून देतो, हाच धंदा आहे. घरोघरी ड्रॉवरमध्ये धूळ खात पडलेले युनिव्हर्सल रिमोट बघतो. हौसेने मागवतात, बटणं शिकवायचा कंटाळा येतो, संपलं.

ताई, तुमच्या स्टिकच्या रिमोटच्या टोकाला इन्फ्रारेडचा दिवा आहे. स्टिकला ब्लूटूथ आणि टीव्हीला, साउंडबारला, रिसीव्हरला इन्फ्रारेड, दोन्ही एकाच रिमोटमधून जातं. सेटिंगमध्ये इक्विपमेंट कंट्रोल उघडा, थिएटरची कंपनी निवडा, आवाजाची बटणं थेट थिएटरला लागू होतात. सीईसी लागत नाही, नवा खर्च लागत नाही. त्यात वरून माइक आहे, बोलून शोधता येतं. बहुतेक युनिव्हर्सल रिमोटना माइकच नसतो.

आणि महागड्या रिमोटचं काय होतं ते पाहिलंय. लॉजिटेकने एप्रिल २०२१ मध्ये हार्मनी रिमोट बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्याचं सगळं सेटिंग कंपनीच्या ॲपवर आणि सर्व्हरवर अवलंबून आहे, असल्या वस्तूत मी गिऱ्हाइकाचे पैसे घालत नाही.

तिसरा_मजला

इक्विपमेंट कंट्रोल उघडून झालंय. आमचं थिएटर लोकल बनावटीचं आहे, त्याचं नाव त्या यादीत नाही. जवळची वाटणारी नावं लावून पाहिली, एकही कोड लागला नाही. आता सांगा.

तिखट_शेव

पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जा, लर्निंग रिमोट मागा. अडीचशेच्या आसपास मिळतो. जुना आणि नवा रिमोट तोंडाला तोंड लावून टेबलावर ठेवायचे, सेटचं बटण दिवा लागेपर्यंत दाबायचं, नव्यावरचं बटण दाबायचं, मग जुन्यावरचं. दिवा लुकलुकला की शिकला. यादीत नाव असो नसो, लोकल थिएटरही चालतं. फक्त खिडकीतलं ऊन रिमोटवर पडू देऊ नका, उन्हातही इन्फ्रारेड असतं, चुकीचं शिकतो.

स्टिकचा रिमोट वेगळा राहू द्या की. दोन रिमोट वापरले तर काय आभाळ कोसळतं? आमच्या डीटीएचच्या रिमोटवरही टीव्हीसाठी शिकणारी चार-पाच बटणं आहेत, लोकांना माहीतच नसतात.

कृष्णाकाठ

लर्निंग रिमोटची खरी गोम कुणीच सांगत नाहीये. तो मूळ रिमोट जे पाठवतो तेवढंच शिकतो. आणि बहुतेक रिमोटच्या पॉवर बटणात चालू आणि बंद यांना एकच कोड असतो. चालू असेल तर बंद कर, बंद असेल तर चालू कर, एवढंच. एका बटणावर ‘टीव्ही आणि थिएटर दोन्ही लाव’ असं बांधलं, तर दोन्ही एकाच अवस्थेत असतील तेव्हाच ते जमतं.

आमच्याकडे सांगलीत पावसाळ्यात लाइट जाते-येते. आली की टीव्ही स्टँडबायला राहतो आणि थिएटर आपोआप सुरू होतं. मग ते एक बटण दाबलं की टीव्ही लागतो आणि थिएटर बंद! परत दाबलं की उलट. वडील वैतागून रिमोट सोफ्यावर आपटतात. म्हणून रिमोट असा हवा ज्याच्या कोडच्या साठ्यात चालूचा कोड वेगळा आणि बंदचा वेगळा असेल. बऱ्याच टीव्हींना ते दोन वेगळे कोड कळतात, मूळ रिमोटवर त्यांचं बटण नसतं इतकंच.

अवांतर: स्टिकचा रिमोट सेल किती खातो! टीव्हीच्या रिमोटला दोन पेन्सिल सेल टाकले की विसरून जायचं, याला मात्र सारखे लागतात. एकच रिमोट हवा असण्याचं माझं निम्मं कारण हे आहे.

मावळतीचं_ऊन

सेलचं मनातलं बोललात. रिचार्जेबल टाका. ते १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ चे, पण रिमोट व्यवस्थित चालतो. फक्त स्क्रीनवर बॅटरी कमी दाखवतं, तिकडे लक्ष द्यायचं नाही.

वायरमन

रिचार्जेबलचा सल्ला सरसकट देऊ नका. गिऱ्हाइकाला स्क्रीनवर बॅटरी कमी दिसली की फोन मला येतो. चांगल्या अल्कलाइन टाका.

कृष्णाकाठ

अल्कलाइन? माझा नवा कोरा रिमोट अल्कलाइनच्या गळतीनेच गेला. मागचं झाकण उघडलं तर स्प्रिंगवर पांढरा चुरा बसलेला, पत्री हिरवी पडलेली, बोट लावलं की स्प्रिंगचा तुकडा हातात. त्या सेलवर एक्सपायरीला अजून वर्षं होती. कंपनीने म्हटलं, सेलमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत नाही. आणि तुम्ही ‘चांगल्या अल्कलाइन’ म्हणताय.

तिखट_शेव

गळती झाली की खायचा सोडा ओला करून घासायचा. आमच्या आजोबांपासून चालत आलंय.

मावळतीचं_ऊन

शेव, थांबा. अल्कलाइनमधून जे गळतं ते अल्कली, पोटॅशियम हायड्रॉक्साइड. त्यावर सोडा लावून काही होत नाही, व्हिनेगर नाहीतर लिंबू हवं, कापसाच्या काडीने अगदी थोडं. सोडा जुन्या झिंक-कार्बन सेलसाठी, त्यांची गळती आम्लधर्मी. तुमचे आजोबा ते सेल वापरत असणार, म्हणून त्यांचं बरोबर होतं.

गळतीचं मोठं कारण म्हणजे एक जुना आणि एक नवा सेल मिळून टाकणं. नवा सेल जुन्याला ओढत नेतो, जुना पार संपला तरी त्यातून करंट वाहत राहतो, आणि तो फुटतो. दोन्ही एकदम बदलायचे, एकाच कंपनीचे.

तिखट_शेव

ठीक आहे, लिंबू तर लिंबू. पण सेल दातात धरून दाबला की चार दिवस जास्त चालतो, ह्याला कुणी नाही म्हणू नका. उन्हात ठेवूनही चालतो.

आजोळ

अहो, दातात कसला धरताय! वर सांगितलंय ना आत काय असतं ते? लहान मुलं बघून तेच करतात. माझ्या भाचीने रिमोटचा सेल तोंडात घातला होता, रात्री दवाखाना गाठावा लागला. कृपा करून असलं काही जाहीर लिहू नका.

आणि वापरलेले सेल कुठे जातात सांगा? ओल्या कचऱ्यात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, त्यात सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या येतात. पण आमच्या सोसायटीत मी बरणी ठेवली तेव्हा दोघांनी त्यात शेंगांची टरफलं टाकली.

तिखट_शेव

इथे रिमोटची चर्चा चाललीये का नागरिकशास्त्राचा तास? मी माझ्या दातात धरतो, तुमच्या भाचीच्या नाही.

आजोळ

मग तुमच्यापाशीच ठेवा. इथे शंभर जण वाचतात आणि त्यांच्या घरी मुलं असतात. उद्धटपणे बोलून मुद्दा खोटा ठरत नाही.

तिसरा_मजला

पुरे. शेव, आजोळ यांचं बरोबर आहे, ते सेलचं लिहिलेलं काढा. आणि सेलवर नवा धागा काढा, मीही येते. माझा प्रश्न आईचा आहे.

एडिसनकर

न्यू जर्सीतून लिहितोय. वायरमन यांनी हार्मनीचं मरण सांगितलं, ते घडलं हे खरं. पण तो रिमोट काय करायचा तेही सांगा. त्यात उपकरण निवडायचं नसतं, काम निवडायचं असतं. ‘सिनेमा बघ’ दाबलं की टीव्ही, रिसीव्हर, त्यांचे इनपुट, सगळं ओळीने लागतं. काय चालू आहे हे रिमोट स्वतः लक्षात ठेवतो. गडबड झाली तर हेल्पचं बटण दाबा, तो एकेक विचारतो, टीव्ही लागला का, आवाज येतो का, आणि राहिलेलं लावतो. कृष्णाकाठ यांची लाइट गेल्यानंतरची अडचण सोडवायचा हा उपाय होता. माझ्याकडचा आजही चालतो. सासूबाई इथे येतात तेव्हा त्यांना हेल्पचं बटण तेवढं दाखवलेलं असतं, बाकीचं त्या बघतात.

आज तसं काही हवं तर सोफाबॅटनचा हबवाला, एक्स१एस, त्या वाटेने जातो. हब म्हणजे रिमोटचा हुकूम घेऊन उपकरणांना पाठवणारी डबी. ती टीव्हीसमोर ठेवायची, मग रिमोट कुठेही धरला तरी चालतं. आईंच्या हाताला कंप असेल, नेम धरता येत नसेल, तर हा मोठा फरक आहे.

वायरमन

हबवाला रिमोट आईंना देणार आणि वायफाय बदललं की परत कोण जोडणार? मुलगी ऑफिसात. मग फोन मलाच.

एडिसनकर

वायफाय बदलणारा बदलताना जोडेल. रोज दुपारी फोन करण्यापेक्षा ते बरं.

तिसरा_मजला

वायरमन, एक सरळ प्रश्न. थिएटर ऑप्टिकलवर, कंपनी यादीत नाही, माणूस एकटा आणि वयस्कर. अशा घरात तुम्ही काय बसवाल?

वायरमन

अशा घरात मी आधी थिएटरच बदलायला सांगेन, एआरसीवाला साउंडबार घ्या म्हणून. आता तुम्ही म्हणाल पैसे. नसेल बदलायचं तर ठीक, इन्फ्रारेड आणि ब्लूटूथ दोन्ही असलेला रिमोट घ्या, शिकणारा असलाच पाहिजे, लोकल थिएटरला तोच मार्ग आहे. इतक्यापुरतं मान्य. पण ज्याच्याकडे एआरसी आहे त्याने पाच पैसे खर्च करू नयेत, हे मी शंभर घरांत सांगतो आणि सांगत राहणार. तुमच्यासारखी घरं वेगळी.

घेतलात तर ‘सगळं लाव’ हे बटण आईंना देऊ नका. लोकल थिएटरला चालू-बंदचा वेगळा कोड असायची शक्यता कमी. त्यापेक्षा थिएटर कायम चालू ठेवा, भिंतीवरच्या बटणाने रात्री बंद करा, लाइट आली की ते आपोआप लागतंय तर त्याचाच उपयोग करून घ्या. मग आईंच्या रिमोटवर पॉवर फक्त टीव्हीचा आणि आवाज फक्त थिएटरचा.

कृष्णाकाठ

हे सगळ्यांचं आपोआप लागत नाही. काही सेट लाइट आल्यावर स्टँडबायलाच राहतात आणि काही आधीचं इनपुट विसरून ऑक्सवर, म्हणजे दुसऱ्याच इनपुटवर, जातात. ताई, तुमचं कोणतं ते आधी बघा. थिएटर चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करा, मिनिटभराने लावा. ऑप्टिकलवरच परत आवाज आला तर वायरमन म्हणतात तसं करा आणि साधा यू२ पुरतो. नाही आला तर एडिसनकरांचा हबवाला बघा, आणि दुकानात परत घेतात का ते विचारूनच पैसे द्या.

तिसरा_मजला

आत्ताच करून पाहिलं. लागतं, आणि ऑप्टिकलवरच लागतं. यू२ मागवते. शिकवायला रविवारी बसेन, टीव्हीचं पॉवर आणि आवाजाची दोन बटणं सोडून बाकीच्यांवर काळी टेप लावणार आहे.