फ्रेंच आज्ञार्थ : 'वा'मधला 'एस' 'वाझी'त परत का येतो?

नवशिकी :
नमस्कार. वर्तमानकाळातील 'त्यू' (तू), 'नू' (आपण) आणि 'वू' (तुम्ही) यांची रूपे घेऊन कर्ता गाळला की आज्ञार्थ होतो, एवढे समजले; आपल्या 'बोल, बोलू या, बोला' यांच्याशी ते जुळतेही. मात्र 'पार्ले' (बोलणे) आणि 'आले' (जाणे; 'त्यू'चे रूप 'वा') यांच्या 'त्यू'च्या रूपातील शेवटचा 'एस' आज्ञार्थात गाळावा, असे पुस्तक सांगते, आणि तरीही 'तिकडे जा' या अर्थाच्या 'वाझी'त तो लिहिलेला दिसतो. तसेच 'ते मला दे' हे 'दॉन-ल-म्वा' असेल, तर 'ते मला देऊ नकोस' हे 'न म ल दॉन पा' कसे?

व्याकरणवेडा :
'एस गाळावा' ही शिकवण्याची सोय आहे. लॅटिनमध्ये 'तू गातोस' याला 'कान्तास' आणि 'गा' याला 'कान्ता' म्हणत, म्हणजे आज्ञार्थात तो एस मुळातच नव्हता. 'इ' (तिकडे) आणि 'आँ' (त्याविषयी, त्यातले) या सर्वनामांपूर्वी दोन स्वर एकमेकांना भिडू नयेत म्हणून तो लिहितात आणि 'झ'सारखा उच्चारतात : 'वाझी', 'पार्लझाँ' (त्याविषयी बोल). सर्वनाम पुढच्या क्रियापदाचे असेल, तर मात्र एस येत नाही. 'जाऊन थोडे घेऊन ये' हे 'वा आँ शेर्शे' असेच राहते. 'उव्रिर' (उघडणे) हे क्रियापदही 'पार्ले'च्या, म्हणजे पहिल्या, गटासारखे चालते, म्हणून त्याचे 'उव्र' एसविना लिहावे. 'फिनिर' (संपवणे) याच्या 'फिनी'त मात्र एस लिहावा लागतो, जरी तो ऐकू येत नसला तरी.

पुदुच्चेरीकर :
दुसऱ्या प्रश्नाबाबत : होकारार्थी आज्ञेत सर्वनामे क्रियापदानंतर, जोडचिन्हाने जोडून येतात, आधी वस्तू आणि मग व्यक्ती, आणि 'म', 'त' यांची 'म्वा', 'त्वा' होतात. नकारात ती साध्या विधानातील आपल्या जागी, क्रियापदापूर्वी, जातात. होकारार्थी रूपच अपवाद आहे, असे मानले की पाठांतर निम्मे होते. 'एत्र' (असणे), 'आव्वार' (जवळ असणे), 'साव्वार' (माहीत असणे) आणि 'वुल्वार' (इच्छिणे) यांची रूपे तेवढी वेगळी पाठ करावीत : 'स्वा', 'ए', 'साश' आणि, चौथ्याचे बहुधा केवळ 'वू'चे रूप वापरले जात असल्याने, 'व्हये'.

नवशिकी :
आभार. हे 'व्हये' कोठे वापरावे? अनोळखी माणसाला साधी आज्ञा उद्धट वाटेल का?

व्याकरणवेडा :
वाटू शकते. अनोळखी व्यक्तीशी 'वू' वापरूनही नुसती आज्ञा रोखठोक ठरते, म्हणून 'सिल वू प्ले' (कृपया) जोडावे किंवा 'पुरिये-वू' (आपण कराल का) असे विचारावे. 'व्हये' औपचारिक पत्रांत आणि सूचनांत शोभते, आणि त्यानंतर क्रियापदाचे मूळ रूप येते. फलकांवर आणि पाककृतींत पुष्कळदा आज्ञार्थ टाळून तेच मूळ रूप एकटे लिहितात. 'धूम्रपान करू नये' हे 'न पा फ्यूमे' होते, आणि तेथे नकाराचे दोन्ही शब्द क्रियापदापूर्वी एकत्र येतात, हे परीक्षेत विसरू नये.