'रिव्हर्सिबल डेटा हायडिंग'ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा:
डिजिटल प्रतिमांच्या सुरक्षिततेवर मराठीत लेख लिहितो आहे. त्यात 'रिव्हर्सिबल डेटा हायडिंग' ही संज्ञा पानोपानी येते. चित्राच्या पिक्सेलमध्ये, म्हणजे ते ज्यांचे बनते त्या ठिपक्यांमध्ये, माहिती अशी भरायची की ती काढून घेतल्यावर मूळ चित्रही जसेच्या तसे परत मिळावे, असा तिचा अर्थ. 'परिवर्तनीय विदालपवणूक' असे लिहून पाहिले, पण खटकते. 'परिवर्तनीय' चालेल का? आणि लपवणे, दडवणे, गोपन यांतले काय घ्यावे?

प्रतिसाद:
'परिवर्तनीय' अजिबात घेऊ नका. शाळेच्या विज्ञानात 'परिवर्तनीय बदल' शिकवतात, त्यामुळे तो शब्द आधी सुचतो हे खरे. पण वाचनीय म्हणजे वाचण्याजोगे, तसे परिवर्तनीय म्हणजे बदलण्याजोगे. बदल झाल्यावर मागे येता येते, हा अर्थ त्यात कुठेच नाही. इथे तर सगळे महत्त्व त्या मागे येण्यालाच आहे. 'प्रतिवर्ती' निदान योग्य दिशेला बोट दाखवतो.

प्रतिसाद:
'प्रतिवर्ती' भौतिकशास्त्राच्या वाचकाला कळेल, इतरांना नाही. आपल्याकडे 'पूर्ववत' हा रोजच्या वापरातला शब्द आहे: वाहतूक पूर्ववत झाली, वीजपुरवठा पूर्ववत झाला. तोच का नको?

प्रतिसाद:
'पूर्ववत'ला एक अडचण आहे. वाहतूक पूर्ववत झाली म्हणजे साधारण आधीसारखी झाली. त्यातला 'वत्' साम्य दाखवतो. इथे मात्र 'साधारण' चालत नाही, एकही बिट (0 किंवा 1 हा अंक) इकडचा तिकडे होता कामा नये. हे उदाहरणानेच नीट कळेल.

पिक्सेलची किंमत म्हणजे त्याचा उजळपणा सांगणारा 0 ते 255 मधला आकडा. साध्या पद्धतीत त्या किमतीतला शेवटचा बिट पुसून त्या जागी आपला बिट लिहितात. किंमत 100 होती, 101 झाली. डोळ्याला फरक कळत नाही, संदेशही परत वाचता येतो. पण नंतर 101 पाहून तिथे आधी 100 होते की 101 होते हे सांगता येत नाही. मूळ बिट कायमचा गेला. हे गोपन आहे, पण माघारी येणारे नाही.

आता संशोधक जुन तियान यांनी 2003 मध्ये मांडलेली फरक-विस्ताराची पद्धत पाहा. शेजारचे दोन पिक्सेल घ्या: 100 आणि 97. त्यांची सरासरी 98 (अपूर्णांक सोडून) आणि फरक 3. फरक दुप्पट करून त्यात आपला बिट मिळवायचा. बिट 1 असेल तर फरक 7 होतो. सरासरी 98 च ठेवून पिक्सेल पुन्हा मांडले की 102 आणि 95 मिळतात. वाचणारा उलट जातो: सरासरी 98, फरक 7. फरक विषम, म्हणून बिट 1. तो वजा करून निम्मे केले की 3, आणि 98 व 3 वरून पुन्हा 100 आणि 97. काहीच हरवले नाही, कारण काहीच पुसले नव्हते.

किंमत 0 ते 255 च्या बाहेर जाईल अशा जोड्या वगळाव्या लागतात आणि कुठल्या जोड्या वापरल्या त्याची नोंदही चित्रातच ठेवावी लागते. तेवढी जागा खर्ची पडते. म्हणून विशेषण असे हवे की त्यातून हा काटेकोरपणा दिसावा.

प्रतिसाद:
मुद्दा मान्य. तरी माझे मत 'पूर्ववत'लाच. संज्ञेने दिशा दाखवावी, काटेकोरपणा व्याख्येने सांगावा. संज्ञेत सगळे कोंबले की ती कुणी उच्चारत नाही.

'हायडिंग'बद्दल मात्र माझा आग्रह आहे: 'दडवणे' टाळा. 'माहिती दडवली' म्हटले की आरोपच ऐकू येतो. 'लपवणे' त्यापेक्षा सौम्य, पण त्यातून होणारे नाम, 'लपवणूक' किंवा 'लपवाछपवी', पुन्हा तिकडेच नेते. 'गोपन' गुप् धातूवरून आलेला, आणि त्या धातूत झाकणे आणि रक्षण करणे असे दोन्ही अर्थ आहेत. माहितीही राखायची आणि चित्रही राखायचे अशा कामाला याहून नेमका शब्द मला दिसत नाही.

प्रतिसाद:
'गोपन' चांगला, पण 'गुप्त संदेश' ही छटा या तंत्राला पुरती लागू होत नाही हे लेखात सांगाच. स्टेगॅनोग्राफीत संदेश आहे हेच कुणाला कळू नये असा हेतू असतो. कूटलेखनात संदेश समोर दिसतो, पण उकलत नाही. इथे बहुधा तिसराच हेतू असतो. एमआरआयच्या प्रतिमेत रुग्णाची नोंद किंवा प्रतिमेत फेरफार झाला नाही याची खूण भरायची, आणि निदानासाठी डॉक्टरांच्या हाती मूळ प्रतिमा द्यायची. काही भरले आहे हे माहीत असले तरी बिघडत नाही. म्हणून क्रियापद म्हणून मी 'माहिती भरणे' वापरेन आणि 'गोपन' फक्त संज्ञेत ठेवेन.

विचारणा करणारा:
सर्वांचे आभार. 'पूर्ववत विदागोपन' असे ठरवतो आणि पहिल्या उल्लेखातच 'बिटागणिक मूळ प्रतिमा परत देणारे' अशी फोड देतो. 'बिनहानी' (लॉसलेस) हा शब्दही समानार्थी म्हणून अधूनमधून वापरला तर?

प्रतिसाद:
नको. 'बिनहानी' संक्षेपणासाठी, म्हणजे फाइल लहान करण्यासाठी (कॉम्प्रेशन), राखून ठेवा, नाहीतर लेखात गोंधळ होईल. माहिती भरलेली प्रतिमा बिनहानी पद्धतीने जपली तरच ती पूर्ववत होते. जेपीईजीच्या नेहमीच्या संक्षेपणातून गेली की पिक्सेलच्या किमती बदलतात, मग संदेशही जातो आणि मूळ चित्रही. दोन्ही शब्द एकाच वाक्यात लागणार आहेत, तेव्हा ते वेगळेच असू द्या.