ऑफिसे रिकामी झाल्यावर शहराचा मध्यभाग पुन्हा कसा भरतो?

प्रश्न
नमस्कार. माझे ऑफिस सॅन फ्रान्सिस्कोच्या माँटगोमेरी स्टेशनजवळ आहे. २०२० पासून आमचे बरेचसे काम घरूनच चालते आणि मी मंगळवार ते गुरुवार एवढेच तीन दिवस तिकडे जातो. ज्या सँडविचच्या दुकानाची रांग दुपारी बारा वाजता फुटपाथवर यायची, ते दुकान आता सोमवारी आणि शुक्रवारी उघडतच नाही. मार्केट स्ट्रीटवरचे नॉर्डस्ट्रॉमचे भव्य दुकानही ऑगस्ट २०२३ मध्ये बंद झाले. सगळ्यांना पाचही दिवस ऑफिसात बोलावून हा भाग सावरेल, असे मला वाटत नाही. रिकाम्या इमारतींमध्ये घरे करण्याचा मार्ग खरोखर चालतो का?

प्रतिसाद (न्यूयॉर्क)
चालतो, पण प्रत्येक इमारतीत नाही. खरी अडचण उजेडाची असते. ऑफिसचे मजले इतके रुंद असतात की खिडकीतला उजेड मध्यापर्यंत पोहोचत नाही, आणि स्वच्छतागृहे एकाच जागी असल्यामुळे प्रत्येक घरासाठी पाण्याचे व सांडपाण्याचे पाइप नव्याने टाकावे लागतात. इथल्या २५ वॉटर स्ट्रीट या इमारतीत त्यासाठी, आपल्या वाड्याला असतात तसे दोन चौक तिच्या पोटातून कापून काढले, गेलेल्या जागेची भरपाई म्हणून वर दहा मजले चढवले, आणि १,३०० हून अधिक घरे उभी राहिली. मॅनहॅटनच्या या दक्षिण टोकाला अशा बदलांसाठी १९९० च्या दशकातच करसवलत मिळू लागली होती, त्यामुळे महासाथ आली तेव्हा तिथे राहणारी वस्ती आधीपासून होती. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

प्रतिसाद (कॅलगरी)
उजेडाइतकाच पैशाचाही प्रश्न आहे. आमच्याकडे ऑफिसे ओस पडू लागली ती २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळल्यामुळे. महासाथीने त्यात भर घातली. इमारतमालकांना हा खर्च एकट्याने पेलणार नाही हे ओळखून महापालिकेने २०२१ मध्ये दर चौरस फुटामागे ७५ कॅनेडियन डॉलर अनुदान देऊ केले, आणि २०३१ पर्यंत ६० लाख चौरस फूट ऑफिसची जागा कमी करण्याचे ठरवले.

मूळ प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. आमच्याकडे मार्च २०२४ मध्ये मतदारांनी, घरांमध्ये रूपांतर झालेल्या ऑफिस इमारतींना पहिल्या विक्रीवेळी हस्तांतरण कर माफ केला. पण कॅलगरीचे आकडे पाहता तेवढ्याने भागेल असे वाटत नाही. रिकामे गाळे लहान व्यावसायिकांना काही महिने बिनभाड्याने देण्याचा २०२३ चा उपक्रम मला अधिक तातडीचा वाटतो, कारण घरे व्हायला वर्षे लागतील आणि ते सँडविचचे दुकान तोवर तग धरायला हवे. आमच्या मजल्यावर तर मधल्या खोल्यांमध्ये भर दुपारीही दिवे लावावे लागतात.