"पोट उडतंय" म्हणजेच न्यूमोनिया, हे घरच्यांना कसं सांगता?

पाड्यावरची आशा:
तायांनो, मला गावची आशा सेविका होऊन आठ महिने झाले. बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. मागच्या महिन्यात एका घरी चौदाव्या दिवशी गेले, तर बाळ दोन दिवसांपासून थान धरत नव्हतं. आजी म्हणाली, "पोट उडतंय, शेकलं की बसेल." सातव्या दिवशी मीच त्यांना न्यूमोनियाची लक्षणं वाचून दाखवली होती. पण न्यूमोनिया म्हणजेच त्यांचं पोट उडणं, हे माझ्या तोंडून निघालंच नव्हतं. १०८ ची रुग्णवाहिका वेळेत आली, बाळ वाचलं. मला अजून झोप लागत नाही. असे शब्द तुम्ही कुठं लिहून ठेवता का?

जुनी आशा, शेजारचा तालुका:
ताई, आमच्या गटाची एक वही आहे. सुईणबाईंना विचारून विचारून भरली. पोट उडतंय, धाप लागलीय, बरगडीखाली खड्डा पडतोय, बाळ गार पडलंय. प्रत्येक शब्दासमोर काय करायचं ते. महिन्याच्या बैठकीत वही फिरते, नवीन शब्द मिळाला की भर पडते. नवी आशा आली की पहिली वही तिच्या हातात. आणि शेकण्यावरून आजीला रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही.

निवृत्त आरोग्य सहायक:
दोन महिन्यांच्या आतलं बाळ शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. श्वास ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजा. तेवढेच आले तर दवाखाना. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं लिहिता-वाचता न येणाऱ्या दाईंसाठी मण्यांचं साधन केलं होतं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ, आणि दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. तिथल्याच ३९ गावांत गावातल्या बायकांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. तुमच्या त्या सहा भेटींचं मूळ तिथंच आहे.

पाड्यावरची आशा:
आज एका नव्या घरी तिसऱ्या दिवसाची भेट होती. आजीला वीसच्या पुढे मोजता येत नाही, म्हणून चिंचोके दिले. दहा श्वास झाले की एक चिंचोका बाजूला, मिनिट नातू मोबाइलवर लावतो. आज चार चिंचोके आणि वर थोडे श्वास. सहावा सरकला तर रात्रीसुद्धा मला हाक मारायची, असं ठरलंय. चिंचोके तिनं देव्हाऱ्यात ठेवलेत. शंभर पानी वही घेतलीय, उद्या सुईणबाईंकडे जाते.