लांज्याचं पडकं घर आहे तसं विकायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लांजा तालुक्यात आजोबांनी बांधलेलं चिऱ्याचं घर आहे. घर म्हणायचं ते आता सवयीने. बाबा होते तोवर गणपतीला उघडायचं. ते 2019 मध्ये गेले, मग लॉकडाऊन, मग आईचे गुडघे. राहूनच गेलं. गेल्या दिवाळीत गेलो तर मागच्या पडवीचं छप्पर खाली बसलेलं, वाशांना वाळवी, माजघरात ओल. ओटी आणि पुढची भिंत मात्र ठणठणीत. फणसाचे खांबही शाबूत.

पुण्याच्या एका गृहस्थांना ते 'आहे त्या स्थितीत' हवंय. दुरुस्ती करून मागत नाहीत, पण भाव बोलताना फुटकं कौल न् कौल मोजून दाखवतात. उलट वाडीतले एक जण म्हणतात, पाडून टाका, चिरे आणि लाकूड मी उचलतो, मोकळ्या जागेला जास्त मिळतील. (त्यांना खांब हवेत, हे कळतंय मला.)

कागद असे: ग्रामपंचायतीचा नमुना 8 बाबांच्या नावे, घरपट्टी चुकती. सातबारा मात्र अजून आजोबांच्याच नावाने, 11 गुंठे, शेती. आजोबांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मोठी आत्या बोरिवलीला. धाकटी वारली, तिचे यजमान आणि मुलं बडोद्याला. भांडण कुणाशी नाही, सगळे फोनवर 'तूच बघ रे' म्हणतात.

पाडावं की तसंच द्यावं? 'आहे त्या स्थितीत' असं खरेदीखतात लिहिलं की माझी जबाबदारी संपते का? आणि 'तूच बघ' एवढ्यावर भागेल का?

— ओटीवरचा

चिरेबंदी:
पाडू नका हो! निदान आत्ता तरी नको. घर 2001 च्या आधीचं आहे ना? मग करासाठी भांडवली नफा काढताना 1 एप्रिल 2001 ची किंमत खरेदी किंमत म्हणून धरता येते. त्यासाठी मूल्यांककाचा दाखला लागतो, आणि तो देणाऱ्याला काहीतरी उभं दिसायला हवं. आमच्या काकांनी आधी जेसीबी लावला आणि मग मूल्यांकक शोधला. त्याने जोत्याचे दगड मोजले फक्त.

दस्तवाला:
घराचं नंतर बघू. तुम्ही आज काय विकताय? नमुना 8 म्हणजे कर आकारणीचा कागद, त्याने मालकी सिद्ध होत नाही. आधी तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) वारस नोंद करा. अर्ज ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरही होतो. आजोबांच्या मागे मुलींचा हिस्सा मुलाइतकाच. धाकट्या आत्यांचा हिस्सा त्यांच्या यजमानांना आणि मुलांना जातो, यजमानांना विसरू नका. बाबांच्या हिश्शात तुमच्या आई आणि भावंडं आली. एकतर सगळ्यांनी खरेदीखतावर सह्या करायच्या, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. फोनवरचं 'तूच बघ' दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाला ऐकू जात नाही.

'आहे त्या स्थितीत' हे वाळवी आणि कौलांपुरतं. मालकीतला दोष त्याने झाकला जात नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 नुसार तुम्हाला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला सहज न दिसणारा मोठा दोष सांगावाच लागतो. म्हणून पडवी, वासे, ओल सगळं खरेदीखतात शब्दांत लिहा, तारखेसह फोटो जोडा.

पुणेकर शेतकरी आहेत का? नसतील तर शेतजमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्यांना घेता येत नाही. विसार घेण्याआधी हे विचारा.

ओटीवरचा:
विसाराचे 50 हजार ते उद्या पाठवणार होते, थांबवलं. शेतकरी नाहीत ते. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्जाचं बघतो म्हणाले, आवाज जरा पडला होता.

मोठ्या आत्याला फोन केला. सही देते म्हणाली, पण आधी एकदा घर बघायचंय. बाळंतपणं दोन्ही त्याच माजघरात झाली तिची. मे महिन्यात नेतो. पुढच्या पावसात ओटी जायला नको, म्हणून तेव्हाच छपरावर ताडपत्री टाकून घ्यायचा विचार आहे. लांज्याच्या आसपास कौलं चढवणारा कुणी माहितीतला आहे का? असेल तर माझ्या विचारपुशीत (विपुत) कळवा.