एंटरप्राइज बोट: जिब ताणली की फोरस्टे लोंबतो, हे बरोबर आहे का?

प्रश्न

नमस्कार मंडळी. जुनी एंटरप्राइज (13 फूट 3 इंच, दोघांची) रामटेकजवळच्या खिंडसी तलावात उतरवायची आहे. मास्ट (डोलकाठी) उभी केली की फोरस्टे (मास्ट पुढून धरणारी तार) टाइट असतो, पण जिब (पुढचं लहान शीड) वर ओढली की तोच लोंबायला लागतो. मग तो आखडून घ्यावा का? दुसरं, मेनसेलला (मोठ्या शिडाला) मास्टलगत आडव्या सुरकुत्या पडतात, हॅलयार्ड (शीड वर ओढायची दोरी) तर पूर्ण ओढलेला वाटतो. आणि सुकाणू आधी लावायचं की शीड आधी?

उत्तर 1

फोरस्टेला हात लावू नका भाऊ, तो ढिला पडायलाच पाहिजे. या बोटीत जिबच्या पुढच्या कडेत तार शिवलेली असते. जिब चढवून लिव्हरने किंवा पुलीने ताण दिला की मास्ट पुढून तीच तार धरते. फोरस्टेचं काम जिब खाली असतानाचं. जिब चढवल्यावरही फोरस्टे ताठच राहिला तर उलटं समजा: जिबला पुरेसा ताण मिळालेला नाही. मग पाण्यात गेल्यावर जिबची पुढची कड वाऱ्याने बाजूला पोट काढते आणि बोट वाऱ्याकडे नीट चढत नाही.

मास्टच्या बाजूच्या दोन्ही तारा काठावरच्या प्लेटच्या एकाच क्रमांकाच्या भोकात हव्यात. खात्री करायची तर मेन हॅलयार्डचं टोक आधी डाव्या, मग उजव्या काठावर त्याच जागी टेकवा. लांबी सारखी आली की मास्ट मधोमध. वाऱ्याकडे चालताना वाऱ्याआडची तार किंचित सैल दिसली तर हरकत नाही, हलवली की झोके खात असेल तर ताण कमी आहे.

सुरकुत्यांचं असं: आडव्या म्हणजे पुढच्या कडेला ताण कमी. हॅलयार्ड ओढलेला असला तरी शिडाच्या कडेला शिवलेली दोरी मास्टच्या खाचेत मातीने अडकलेली असू शकते. खाच ओल्या फडक्याने पुसून कोरडी मेणबत्ती फिरवा. बूम (शिडाखालची आडवी काठी) मास्टला जोडणारा सांधा, म्हणजे गूजनेक, सरकता असेल तर बूम खाली दाबून बांधा, नाहीतर डाउनहॉल (शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी) ओढा. मास्टलगत उभी पन्हाळ दिसली की ताण जास्त झाला, थोडा सोडा.

उत्तर 2

क्रमाबद्दल. सगळ्यात आधी बूच! बोट तरंगती ठेवणाऱ्या हवेच्या टाकीची बुचं आणि झाकणं लावली की मगच बाकीचं. तळाचे बेलर (पाणी बाहेर काढणाऱ्या झडपा) बंद आहेत का तेही पाहा, उघडे राहिले तर बोट काठावरच पाणी भरून घेते.

मास्ट उभी करण्याआधी वर बघा. ॲल्युमिनियमची मास्ट विजेच्या तारेला टेकली तर बोटीला हात लावलेल्यांचा जीव जाऊ शकतो. एकाने बूड पायरीत बसवून उचलायची, दुसऱ्याने फोरस्टे धरून पिन घालायची. हॅलयार्ड गुंडाळलेले असतील तर मास्ट आडवी असतानाच सोडवून घ्या.

मग जिब, तिच्या शीटच्या (शीड आत-बाहेर करायच्या दोरीच्या) टोकांना आठाची गाठ. मग सुकाणू, पातं वर उचललेलं. पिंटलची (सुकाणू टांगायच्या खिळ्याची) अडवणारी क्लिप लागल्याचा टक आवाज ऐका, नाहीतर बोट उलटली की सुकाणू तळ्याच्या तळाशी. मेनसेल शेवटी. बॅटनचं (शीड ताठ ठेवणाऱ्या पट्टीचं) पातळ टोक पुढे मास्टकडे, किकर (बूम खाली ओढणारी दोरी) सैल, मेनशीट मोकळी, आणि बोटीचं नाक वाऱ्याकडे. वाऱ्याने दिशा बदलली तर ट्रॉलीसकट बोट फिरवून घ्या. मागून वारा असताना मेन चढवला तर बूम थेट बाजूच्या तारेवर आपटते.

उत्तर 3

वरचं पटलं. फक्त रिंगांचं राहिलं. तारा अडकवायच्या पिनेतली रिंग बोटीवर शीट अडकून उलगडते आणि गळून पडते, त्यामुळे पिन सुटते. टेप लावाच, पण बोटाने रिंग चाचपून झाल्यावर. नाहीतर टेपखाली रिंगच नसते आणि माणूस निश्चिंत. जास्तीच्या चार-पाच रिंगा आणि दोन डी शॅकल (D आकाराच्या जोडकड्या) खिशात असू द्या, रामटेकला ऐनवेळी कुठं शोधता.

प्रश्नकर्ता

धन्यवाद. खाचेत खरंच माती होती. एक शंका: सेंटरबोर्ड (बोटीच्या मधून पाण्यात उतरणारं पातं) काठावरच खाली करायचा का?

उत्तर 2

नाही. ट्रॉलीवर अडकेल, उथळात तळाला टेकेल. कमरेएवढं पाणी आलं की अर्धा, पुढे पूर्ण. नागपूरच्या अंबाझरी तलावात कधी नेलीत तर जलपर्णी त्यालाच आधी गुंडाळते, बोट जड लागली की बोर्ड वर-खाली करून झटका.