बर्जमचा करार: सात वर्षांच्या मार्गारेटचं लग्न ठरवताना स्कॉटिश सरदार फसले का?

सनावळी (धागाकर्ता)

स्कॉटलंडची वारस, नॉर्वेच्या राजाची मुलगी मार्गारेट १२९० च्या सप्टेंबरअखेर ऑर्कनी बेटांवर वारली. वय वर्षं सात. (आपल्याकडे तेव्हा देवगिरीवर रामदेवराव यादव होता, म्हणजे काळाचा अंदाज येईल.) तिचं लग्न इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डच्या सहा वर्षांच्या मुलाशी ठरलं होतं. या सोयरिकीबद्दल एक ठरीव मत सगळीकडे वाचायला मिळतं: भाबड्या स्कॉटिश सरदारांनी मुलीसकट राज्य एडवर्डच्या घशात घातलं. मला हे साफ चुकीचं वाटतं. १८ जुलै १२९० चा बर्जमचा करार हा दुबळ्या बाजूने केलेला अत्यंत कसलेला सौदा होता. (गाव ट्वीड नदीकाठी आहे. स्पेलिंग पाहून 'बर्गम' म्हटलं जातं, स्थानिक उच्चार बर्जम.)

हे असं का झालं ते थोडक्यात. तिसऱ्या अलेक्झांडर राजाची तिन्ही मुलं तीन वर्षांत गेली. डेव्हिड १२८१ मध्ये, नॉर्वेच्या एरिकला दिलेली मुलगी एप्रिल १२८३ मध्ये, थोरला मुलगा जानेवारी १२८४ मध्ये. मागे उरली ती मुलीची तान्ही मुलगी. ५ फेब्रुवारी १२८४ ला स्कोन इथे १३ अर्ल आणि २४ बॅरन यांनी तिला वारस मानल्याची लेखी हमी दिली, राजाला पुढे मूल झालं नाही तर, या अटीवर. राजाने दुसरं लग्न केलं, पण मार्च १२८६ मध्ये वादळी रात्री किंगहॉर्नजवळ घोड्यावरून पडून तो मेला. दुसरी राणी योलांद गरोदर आहे म्हणून सगळे थांबले, तीही आशा वर्षअखेरपर्यंत संपली.

गादी रिकामी असताना राज्य चालवायला सहा पालक नेमले होते: दोन बिशप, दोन अर्ल, दोन बॅरन. १२८९ मध्ये बुकनचा अर्ल वारला आणि फाइफच्या अर्लचा खून झाला. उरले चार. तिकडे गादीवर हक्क सांगणाऱ्या ब्रूस घराण्याने १२८६-८७ च्या हिवाळ्यातच डम्फ्रीज आणि बुइटलचे किल्ले बळकावून दाखवले होते. अशा वेळी मुलगी एखाद्या स्कॉटिश घरात दिली असती तर दुसऱ्या घराने त्याच आठवड्यात तलवार उपसली असती. बाहेरचा जावई हवाच होता. प्रश्न फक्त अटींचा होता, आणि अटी त्यांनी कडक घातल्या.

पाचर

अटी कडक होत्या हे मान्य. पण अटी घालायची वेळ आली तोवर डाव निम्मा हरलेला होता. तारखा बघा.

६ नोव्हेंबर १२८९, सॉल्सबरीचा करार. त्यात म्हटलंय की मुलगी १ नोव्हेंबर १२९० च्या आत इंग्लंडला किंवा स्कॉटलंडला येईल, ती कुठल्याही लग्नाच्या बोलीतून मोकळी असेल, आणि एडवर्डच्या संमतीशिवाय तिचं लग्न ठरणार नाही. त्याच्या मुलाचं नावही नाही. आणि पोप चौथ्या निकोलसने नात्यातल्या लग्नाची सूट दिली ती १६ नोव्हेंबरला, म्हणजे फक्त १० दिवसांनी! तेव्हा सॉल्सबरीहून रोमला १० दिवसांत माणूस पोचून, अर्ज वाचला जाऊन, सूट निघणं अशक्य. म्हणजे अर्ज आधीच गेलेला होता. एका हाताने 'मुलगी मोकळी' असं लिहून घेतलं, दुसऱ्या हाताने पत्रिका जुळवली.

पुढे जून १२९० मध्ये, बर्जमच्या कराराची शाई पडायच्याही आधी, एडवर्डने आयल ऑफ मॅन ताब्यात घेतलं. हेच बेट (हेब्रिडीजसकट) स्कॉटलंडने १२६६ मध्ये नॉर्वेकडून ४,००० मार्क आणि वर्षाला १०० मार्क कबूल करून मिळवलं होतं. पालकांनी तरीही सही केली.

दुसरा चुलतभाऊ

सूट लागली ती कशामुळे, हे सांगतो, कारण 'ते चुलत भावंडं होते' असं सर्रास लिहिलं जातं. नव्हते. चर्चची मोजणी समान पूर्वजापासून खाली पायऱ्या मोजते. इथे समान पूर्वज तिसरा हेन्री. त्याचा मुलगा पहिला एडवर्ड, त्याचा मुलगा आपला नवरदेव: दोन पायऱ्या. दुसरीकडे हेन्रीची मुलगी मार्गारेट, तिची मुलगी मार्गारेट, तिची मुलगी ही मार्गारेट: तीन पायऱ्या. (तीन पिढ्या एकच नाव, वंशावळ वाचताना हमखास घोळ होतो.) म्हणजे नवरदेव नवरीच्या आईचा मामेभाऊ. १२१५ पासून बंदी चार पायऱ्यांपर्यंत होती, त्यामुळे पोपशिवाय गत्यंतर नव्हतं.

दुसरी गोष्ट वयाची. सातव्या वर्षानंतर वाङ्‌निश्चय चालायचा, पण पक्कं लग्न मुलीला १२ आणि मुलाला १४ पूर्ण झाल्यावर. त्याआधी लावलेलं लग्न वयात आल्यावर दोघांपैकी कुणीही नाकारू शकत असे. मार्गारेट १२ ची झाली असती १२९५ मध्ये, मुलगा १४ चा १२९८ मध्ये. आता मला सांगा, मधली आठ वर्षं राज्य कुणी चालवायचं? करारात याचं नीट उत्तर नाही. पाणी मुरतं ते इथे.

सनावळी

@पाचर, पोपच्या सुटीचा मुद्दा बिनतोड आहे, पण त्यातून स्कॉटिश फसले हे कसं निघतं? १७ मार्च १२९० ला त्यांनी बर्जमहूनच एडवर्डला पत्र लिहून या लग्नाला होकार कळवला आणि मग चार महिने अटींवर घासाघीस केली. काय मिळवलं ते पाहा:

राज्य वेगळं, विभक्त, स्वतःत मुक्त आणि कुणाच्या अधीन नसलेलं राहील. स्कॉटलंडमध्ये घडलेल्या गोष्टीसाठी कुणालाही राज्याबाहेरच्या न्यायालयात उत्तर द्यायला लावणार नाही. स्कॉटिश कारभारासाठी संसद राज्याबाहेर भरणार नाही. बिशपांच्या निवडणुका मुक्त. जमीनदाराने निष्ठेची शपथ घ्यायला इंग्लंडला जायची गरज नाही. कर आणि सैन्य फक्त राज्याच्या सामाईक कामासाठी. आणि मूल न होता दोघांपैकी कुणी मेलं, तर राज्य जवळच्या वारसांकडे जसंच्या तसं परत.

हे सगळं एडवर्डकडून लिहून घेतलं. त्याने २८ ऑगस्टला नॉर्दॅम्प्टनला ते मान्य केलं. वेल्स जिंकून सहा-सात वर्षंच झालेल्या माणसाकडून याहून जास्त काय मिळणार होतं?

पाचर

तुम्ही शेवटचं वाक्य गाळलंत. करारात एक राखीव कलम आहे: आमच्या राजाचा, किंवा इतर कुणाचाही, सीमेवर वा अन्यत्र या कराराआधी जो काही हक्क असेल किंवा पुढे न्याय्य मार्गाने येईल, तो अबाधित. वरचं सगळं 'मुक्त, विभक्त' एका पारड्यात आणि हे एक वाक्य दुसऱ्या. यालाच मी पाचर म्हणतो. दार बंद दिसतं, पण लागलेलं नसतं.

आणि २८ ऑगस्ट म्हणालात, त्याच दिवशी एडवर्डने डरहॅमचा बिशप अँटनी बेक याला मुलाच्या आणि मार्गारेटच्या नावाने स्कॉटलंडमधला आपला प्रतिनिधी नेमलं, पालकांनी त्याचं ऐकावं म्हणून. @दुसरा चुलतभाऊ यांच्या आठ वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर एडवर्डने असं दिलं होतं.

मुद्राराक्षस

दोघांच्या वादात एक गोष्ट गृहीत धरली जातेय की मार्गारेट 'राणी' होती. मी तिला वारसच म्हणेन. पालकांनी १२८६ मध्ये करवून घेतलेली मोहोर डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला राजघराण्याची ढाल, दुहेरी किनारीत उभा सिंह. दुसऱ्या बाजूला तिरप्या क्रुसावर संत अँड्र्यू. ढालीभोवतीचा लॅटिन मजकूर सांगतो की ही राज्याच्या कारभारासाठी नेमलेली स्कॉटलंडची मोहोर. संताभोवतीचा मजकूर: अँड्र्यू, देशबांधव स्कॉटांचा नेता हो. सिंहासनावर बसलेली आकृती नाही, मार्गारेटचं नाव नाही. राजा गेला की त्याची मोहोर मोडायची आणि नव्या राजाच्या नावाने नवी करायची, ही रीत. इथे नवी केली, पण माणसाच्या नावाने नाही, राज्याच्या नावाने.

शिवाय स्कोनला दगडावर बसवून राजा करण्याचा विधी झालाच नाही. तिथे राजाला आसनावर नेण्याचा मान फाइफच्या अर्लचा, आणि १२८९ च्या खुनानंतर ते अर्लपद तान्ह्या मुलाकडे होतं. ती सुखरूप पोचली असती तरी सात वर्षांची राणी आणि पाळण्यातला अर्ल! १२९२ मध्ये गादीचा दुसरा दावेदार जॉन बेलियल राजा झाला तेव्हा ही अडचण खरोखर आलीच. एडवर्डच्या हुकमाने एका इंग्लिश सरदाराने तो मान बजावला.

सनावळी

मोहोरीचा मुद्दा मस्त, पण त्याचा अर्थ उलटाही लागतो. राज्य हे राजाच्या देहापेक्षा वेगळं आहे असं जे लोक मोहोरीवर कोरतात, त्यांना भाबडं कसं म्हणायचं? आणि बर्जमच्या कागदांत तिला 'राणी'च म्हटलंय. विधी नाही म्हणून राणी नाही हा निकष लावला तर सॉल्सबरीचे कागदही खोटे ठरतात.

खलाशी

समुद्राकडे कुणी पाहतच नाहीये. मे १२९० मध्ये एडवर्डने यारमथहून एक मोठं जहाज बर्गनला पाठवलं. त्यात साखर, अंजीर, मनुका, अक्रोड आणि आल्याचा गोड पाव भरला होता. बिअर, वाइन, खारवलेलं मांस हे मोठ्यांसाठी. ही यादी मात्र पोरीसाठी. एरिकने ते जहाज रिकाम्या हाताने परत पाठवलं आणि मुलीला सप्टेंबरमध्ये नॉर्वेच्याच जहाजातून धाडलं. यात फक्त मानापमान नव्हता. ती इंग्लिश जहाजावर चढली असती तर थेट इंग्लंडला उतरली असती. ऑर्कनी तेव्हा नॉर्वेच्या राजाचं होतं, म्हणजे उरलेल्या अटी पुऱ्या होईपर्यंत मुलगी बापाच्याच मुलखात राहणार. हुंड्याचं दुखणंही जुनं: तिच्या आईचा १२८१ मध्ये ठरलेला हुंडा १४,००० मार्क (मार्क म्हणजे पौंडाचे दोन तृतीयांश, म्हणून ९,३३३ पौंडांच्या वर), आणि त्याची बाकी नॉर्वे पुढेही मागत राहिलं.

या सावधपणाची किंमत अशी की मे-जूनचा शांत समुद्र हातचा गेला. बर्गन ते ऑर्कनी सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर, सप्टेंबरअखेरची उघड्या समुद्रातली वाट. 'जहाज बुडून मेली' हे चूक. ती बेटांवर पोचली आणि बर्गनचा बिशप नार्वे याच्या हातात तिने प्राण सोडला. 'समुद्र लागून मेली' हेही लोक छातीठोकपणे लिहितात, त्याला समकालीन पुरावा नाही. शव बर्गनला परत नेलं, बापाने ओळखलं, आणि तिथल्या क्राइस्ट चर्चमध्ये आईशेजारी पुरलं. ते चर्चही १५३१ मध्ये पाडलं गेलं.

बापाने शव पाहिलं होतं, तरी १३०० मध्ये ल्यूबेकहून एक बाई बर्गनला आली आणि 'मीच मार्गारेट' म्हणू लागली. खरी असती तर सतरा वर्षांची. ही दिसायला चाळिशीची. एरिक आदल्याच वर्षी वारला होता, ओळख पटवणारा बाप नाही. १३०१ मध्ये तिला नॉर्डनेसवर जाळलं. तरी लोक त्या जागी नवस बोलायला जात राहिले.

पाचर

@सनावळी, भाबडे नव्हते, चला मान्य. पण तुमच्या 'कसलेल्या' कराराचं पुढे काय झालं? डिसेंबर १२९२ मध्ये बेरिकचा रॉजर बार्थोलोम्यू हा नागरिक स्कॉटिश न्यायालयाचा निकाल घेऊन एडवर्डकडे अपील करायला गेला. नव्या राजा बेलियलच्या बाजूने बर्जमचं कलम पुढे केलं गेलं. एडवर्डने सांगितलं, गादी रिकामी होती त्या मधल्या काळात दिलेली वचनं मला बांधत नाहीत. २ जानेवारी १२९३ ला बेलियलने स्वतःच एडवर्डला त्या वचनांतून मोकळं करून टाकलं. अडीच वर्षांत कागद कोरा.

सनावळी

कारण लग्नच झालं नाही! नवरीच मेल्यावर करार कुठल्या तोंडाने दाखवणार? चूक शोधायची तर मी ही दाखवेन: परत येणारं राज्य 'जवळच्या वारसां'कडे, असं लिहिलं, पण जवळचा कोण हे लिहायचं टाळलं. ब्रूस की बेलियल हे जुलै १२९० मध्ये लिहायला घेतलं असतं तर करारच झाला नसता, हे मला कळतं. तरी भोक तिथे होतं.

मुद्राराक्षस

आणि ते भोक किती लवकर दिसलं त्याचा कागदही आहे. ७ ऑक्टोबर १२९० ला पालकांपैकी एक, सेंट अँड्र्यूजचा बिशप विल्यम फ्रेझर, लूखर्सहून एडवर्डला पत्र लिहितो. मार्गारेट गेल्याची दुःखद वार्ता पसरली आहे, म्हणून राज्यात गडबड आहे. थोरला रॉबर्ट ब्रूस मोठ्या जमावानिशी पर्थला आला आहे. मग तोच बिशप लिहितो की ती आजारातून बरी झाली, पण अजून अशक्त आहे, असंही ऐकतो. आणि त्याच पत्रात, ती जिवंत आहे की नाही हे पक्कं कळलेलं नसताना, एडवर्डने सीमेकडे यावं आणि जॉन बेलियल आला तर त्याच्याशी नीट बोलून ठेवावं, हा सल्ला.

पाचर

हेच मी पहिल्या प्रतिसादापासून सांगतोय. एडवर्डला बोलावणं स्कॉटलंडमधूनच गेलं.

सनावळी

बोलावणं एका बिशपाचं, ऑक्टोबरमधलं. करार चौघांचा, जुलैमधला.